पळोवया, ताय

गेल्या शनिवारी दुपारी साडेतीनला मी फोंड्यात तिस्काच्या चौकात गाडी लावून उभी होते. मागच्या सीटवर पेटी, पेटीवर इस्त्री केलेली साडी, डिकीत ऑक्टोपॅड आणि त्याचा तो कधीच नीट न मिटणारा स्टँड. तबल्याचे काका पुढच्या सीटवर, मांडीवर डग्गा, पायाशी तबला. तबला ते कुणाच्याही हातात देत नाहीत, बायकोच्याही नाही. जायचं होतं काणकोणला. मडगाव, कुंकळ्ळी आणि मग करमल घाट, म्हणजे धड दोन तास. कार्यक्रम सातचा. यायचा राहिला होता फक्त कीबोर्डवाला.

फोन लावला. "वाटेर आसां, ताय," तो म्हणाला. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

वाटेत कुकर लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमचा ग्रुप नाट्यगीतं, भावगीतं, अभंग असं सगळं करतो. ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गोवा एवढासा, आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते सगळे मला पुढच्या महिन्यात लागणार आहेत. मी गाते, पेटी धरते आणि उरलेल्या वेळात एका हायस्कुलात ग्रंथपालाची नोकरी करते. अकरा वर्षं ग्रुप चालवतेय असं सांगते लोकांना. खरं म्हणजे अकरा वर्षं मी तारखा जुळवतेय, गाणं मधूनमधून होतं. आमच्या बॅनरवर आम्ही सहाजण हसताना दिसतो. त्यातला एक दुबईला गेला, एकाने कायमचं हॉटेल धरलं आणि एक माझ्याशी बोलत नाही. नवीन बॅनर छापायचा तर कुणाचे फोटो घालायचे, म्हणून जुनाच लावते. निवेदिका दरवेळी "आपल्यासमोर आहेत" म्हणून वेगळीच नावं घेते. एका आजोबांनी मध्यंतरात येऊन विचारलंसुद्धा, "फोटोंतलीं मनशां खंय गेलीं?"

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक कोंकणी शब्द सांगून ठेवते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पळोवया. म्हणजे बघूया. पण तुमच्या बघूयामध्ये निदान बघण्याची शक्यता असते. आमच्याकडे नाही म्हणणं हे जवळजवळ भांडण केल्यासारखं. दारात आलेल्याला, फोनवरच्या बाईला, त्यातून 'ताय' म्हणायची सवय असलेल्या बाईला, तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून 'पळोवया'. मी विचारते, "22 तारखेला आहेस ना?" तो म्हणतो, "पळोवया, ताय, जातलें," म्हणजे होईल. मी वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करते. त्याच्या लेखी त्याने काहीच कबूल केलेलं नसतं. माझ्या लेखी सुपारी पक्की. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत माझा ग्रुप अकरा वर्षं उभा आहे.

आता हिशोब मांडते, कारण लोकांना वाटतं ताई पैसे करते. गेल्या माघातल्या एका जत्रेचा कार्यक्रम घ्या. समितीने 25,000 दिले. साउंडवाला 8,000. कीबोर्ड 4,000, तबला 3,500, ऑक्टोपॅड 3,000, बासरी 3,000, निवेदिका 2,000. पेट्रोल आणि परतताना सगळ्यांचं खाणं मिळून 1,500. बेरीज करून बघा. मला मिळाली शाल आणि नारळ. नारळाची सोलकढी झाली. शाली सतरा झाल्यात. गोव्यात शाल कधी पांघरायची हे ज्याला ठाऊक असेल त्याने कळवावं.

शिवाय हे 25,000 त्या रात्री हातात पडत नाहीत. वादकांना मात्र गाडीत बसायच्या आधी रोख द्यावे लागतात, तसा रिवाजच आहे आणि तो मला पटतो. म्हणजे माझे पैसे आधी जातात. समितीचा चेक मागून येतो, आणि 'मागून' म्हणजे किती ते खजिनदार मुंबईला असतो की गावात यावर ठरतं. एकदा तर समितीचे एक गृहस्थ पाकीट घेऊन आले आणि सरळ माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. "सर, मोजून घ्या." नवऱ्याला पेटीतलं सा आणि प सारखंच. तो केवळ गाडी चालवायला आला होता. त्याने पाकीट माझ्याकडे दिलं तेव्हा गृहस्थ हसून म्हणाले, "बरोबर, गृहमंत्री!" मी मोजले. हजार कमी होते.

आता कीबोर्डवाल्याच्या बाजूने बघा. किनाऱ्यावरच्या हॉटेलात बाहेरच्या लोकांची लग्नं होतात. तिथल्या 'संगीत'ला तोच मुलगा दहा हजार घेतो. आठला जातो, साडेअकराला मोकळा होतो, तालीम वगैरे काही नाही, वर जेवण बुफे. मी त्याला 4,000 देते, त्यात दोन तालमी धरलेल्या आणि करमल घाट फुकट. त्याला दोन मुली. धाकटीच्या शाळेची फी माझ्या अभंगांवर भरणार आहे का? जास्त पैशांसाठी तो गेला याचा मला खरंच राग येत नाही. मी अठ्ठावीस-तीस वर्षांची असते, आणि पगाराची नोकरी नसती, तर मीही गेले असते. माझं म्हणणं एवढंच की जायचं ते आठ दिवस आधी सांगून जा. कुकर लावून जाऊ नकोस.

आमच्याकडचं वर्षही विचित्र आहे. चतुर्थीला तुम्ही गोव्यात एक वादक शोधून दाखवा. प्रत्येकजण आपापल्या मूळ घरी, आणि तिथे आरतीला घुमट (मातीचं, तोंडावर कातडं ताणलेलं), शामेळ (ढोलासारखं) आणि कांसाळें, म्हणजे झांजा. हे वाजवायला पैसे लागत नाहीत आणि तिथे कुणी उशिरा येत नाही, हे मी नोंदवून ठेवलेलं आहे. (घुमटाला 2019 साली सरकारने वारसा वाद्य जाहीर केलं. त्यावर घोरपडीचं कातडं घालायची बंदी त्याआधीच होती, आता बकऱ्याचं घालतात. जुने लोक म्हणतात तो आवाज गेला. मला फरक कळतो, पण घोरपडीला विचारलं तर तिचं मत वेगळं पडेल.) श्रावणात वास्कोचा दामोदर सप्ताह, अखंड भजन, तेव्हा पखवाजवाले तिकडे. मग कला अकादमीची भजन स्पर्धा, तेव्हा पेटीवालेसुद्धा दोन-दोन मंडळांत. कार्तिकापासून जत्रा सुरू, आणि जत्रा म्हटली की उत्सवी नाटक, नाटक संगीत असलं की ऑर्गन आणि तबला. चांगल्या साथीदाराच्या रात्री तर गेल्या वर्षीच्या जत्रेतच पुढच्या वर्षीसाठी धरलेल्या असतात. 24 ते 31 डिसेंबर कीबोर्ड या वस्तूचं गोव्यात नाव काढू नये. राहता राहिला मे, तेव्हा वादक असतात आणि ऐकणारे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना आंबे खायला घालत असतात. जून ते ऑगस्ट पाऊस.

पावसाचं काय ते तबलजीला विचारा. दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, सैल पडते, तबला उतरतो. आमचे काका साउंडवाल्याच्या हॅलोजनसमोर तबला धरून बसतात, शेकोटीपाशी हात धरावेत तसा. बघणाऱ्यांना वाटतं काहीतरी पूजा चाललीय.

पण काकांची तारीख नसते तेव्हा बदली तबलजी येतो, आणि मग एका संध्याकाळी जे झालं ते होतं. डिचोली तालुक्यातलं एक देऊळ. बदलीला आलेला मुलगा हाताचा तयार, नम्र, पाया पडला. तालीम झाली नव्हती, कारण तो त्या आठवड्यात तिघांना बदली होता. मी काळी पाचमध्ये गाते, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा माझा सा. म्हणजे तबला काळी पाचचा तरी हवा, नाहीतर पंचमात मिळवलेला पांढरी चारचा, अगदीच नडलं तर मध्यमात काळी दोनचा. त्याने आणला होता काळी एकचा. पुरुष गायकांना लागतो तो, कारण आदल्या रात्री तो एका बुवांना वाजवून आला होता. काळी पाचला काळी एक म्हणजे कोमल गंधार. आणि मी तर शुद्ध गंधाराचा अभंग घेऊन बसले होते. मी फोनवर पट्टी सांगितली नव्हती का? सांगितली होती. "जातलें, ताय," म्हणाला होता.

"चढवतां," असं म्हणून त्याने हातोडी काढली. पूर्ण एक स्वर चढवायचा! बाजूचे लाकडी गट्टे ठोकतोय, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर ठोकतोय, समोर दोनशे माणसं बसलेली, निवेदिका तिसऱ्यांदा "कार्यक्रम थोड्याच वेळात" म्हणतेय. आणि फट्. पुडी कडेने फाटली. तो मुलगा तबल्याकडे असा बघत राहिला की मला त्याला रागवता येईना. शेवटी देवळातला भजनाचा पखवाज काढला. त्याच्या डाव्या बाजूला कणीक लावायला हवी, तर भटजींच्या पत्नीने आतून परातीतला गोळाच आणून दिला, चपात्यांसाठी भिजवलेला. थोडं तेलकट होतं पीठ. पखवाज कुठल्या पट्टीत होता ते विचारू नका. नाट्यगीतांचे त्या रात्री अभंग झाले. टाळ्या पडल्या. आमच्या लोकांना मागे पखवाज असला की सगळंच भक्तीने ऐकायची सवय आहे.

कीबोर्डचं तर याहून सोपं संकट. ट्रान्सपोजचं बटण, सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं. आदल्या रात्रीच्या गायकासाठी एक चढवून ठेवलेलं असतं, ते खाली आणायचं राहतं. मी पेटीवर सा धरते, डोळे मिटते, आलाप घेते, आणि मागून ऑर्केस्ट्रा येतो अर्ध्या स्वराने वर. डोळे उघडावेच लागतात. अशा वेळी तो माझ्याकडे न बघता पटकन बटण दाबतो. मग स्वर धडपडत खाली येतात, जिन्यावरून भांडं पडल्यासारखे. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघतात.

कधीकधी मी स्वतःला सांगते की हे काही आजचं नाही. माझे वडील नाटकवेडे. ते गंधर्व नाटक मंडळीच्या गोष्टी अशा सांगायचे की जणू स्वतः विंगेत उभे होते. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, आणि तेही मंडळीच्या पदरी, पगारावर. तारखा विचाराव्या लागत नव्हत्या! हे ऐकून लहानपणी वाटायचं, काय वैभव. आता ग्रुप चालवल्यावर त्या गोष्टीचा पुढचा भागच जास्त आठवतो, की मंडळी कर्जात बुडाली होती आणि बालगंधर्वांची वर्षानुवर्षं ते फेडण्यात गेली. सगळा पैसा काही साथीदारांवर गेला नाही, अत्तर, शालू, गालिचे, सगळंच होतं. तरी थिरकवांना पगार द्यायचा म्हणजे काय, ते 4,000 रोख मोजताना मला थोडंफार कळतं.

आणि दुसरीकडे आमच्याच गोव्यातले ते किरिस्तांव वादक, चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचायला, शिकून मुंबईला गेलेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला कागद समोर आला की पहिल्याच वाचनात वाजवणारी माणसं. ती कुणाच्या पदरी नव्हती. आज या संगीतकाराकडे, उद्या त्या, शिफ्टप्रमाणे पैसे. म्हणजे सुटं काम करणं ही काही बेइमानी नाही, आमची ती जुनी विद्या आहे. फरक कागदाचा. त्यांच्यासमोर लिहिलेलं असायचं. आमच्याकडे सगळं 'तू वाजव, मी येतेच मागून'. नोटेशन लिहून पाठवायला मीही अजून शिकलेले नाही, हा माझाच आळस. मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करून पाठवते. दोन निळ्या खुणा येतात. ऐकलं का ते तिस्कावर कळतं.

तर तिस्क. सव्वाचारला मेसेज आला. "ताय, सॉरी, घरा इल्लें इमर्जन्सी." काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला आणि म्हणाले, "कुकर फुटलो आसतलो." निघालो. मडगावला बासरीवाला आणि ऑक्टोपॅडवाला चढले. ऑक्टोपॅडवाल्याने गाडीतूनच सात फोन लावले, सातही 'वाटेर' नव्हते, हे त्यातल्या त्यात बरं. कुंकळ्ळीला ट्रॅफिक. घाटात पुढे लाकडांचा ट्रक. सातच्या कार्यक्रमाला आम्ही सव्वासातला पोचलो, साउंड लावून होईतो आठ वीस.

रात्री दहाला भोंगा बंद. 2000 सालापासूनचा तो नियम देशभरचाच आहे, आणि उघड्यावर तो आता कडक पाळतात, जे मला घरी झोपलेली असताना फार आवडतं. म्हणजे आमच्याकडे शंभर मिनिटं. चौदा गाण्यांची आठ केली. कीबोर्ड नसल्यामुळे भावगीतांचे मधले तुकडे बासरीवाल्याने भरले. त्याने ते इतके सुंदर भरले की एका कडव्यानंतर मी पुढचे शब्दच विसरले. काकांनी लग्गी, म्हणजे तबल्याचे जलद बोल, लावून मला वाचवलं, त्यांना माझं विसरणं पाठ आहे. माझी पेटी एरवी कीबोर्डखाली दबलेली असते, ती इतक्या दिवसांनी मला स्वतःला ऐकू आली. भाता थोडा फुसफुसतो. दुरुस्त करायला हवा.

नऊ अठ्ठावन्नला भैरवी संपवली. लोक उठून जवळ आले, छान झालं म्हणाले. एका बाईने माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, जमलं की. मग समितीचे सचिव आले. शाल, नारळ, पाकीट. पाकिटात 4,000 कमी. "ताई, पोस्टरवर कीबोर्ड म्हणून लिहिलेलं. तो दिसला नाही." मी म्हटलं, गाणी तर झाली. ते म्हणाले, "गाणीं जालीं हो, बरीं जालीं. पूण कीबोर्ड ना." यावर काय बोलणार? वाद घालायला माझी बाजू आहे की नाही हेच ठरेना. कीबोर्ड नव्हता हे खरं. शाल क्रमांक अठरा.

परतताना कुंकळ्ळीला ऑम्लेट-पाव खाल्ला. बासरीवाल्याने मोबाइल पुढे केला. कीबोर्डवाल्याचं स्टेटस. मागे निळे-जांभळे दिवे, तिरका कीबोर्ड, खाली 'ब्लेस्ड'. काका म्हणाले, "ट्रान्सपोज केल्लो आसतलो." आम्ही चौघे इतके हसलो की गाड्यावाला पण हसायला लागला.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला, अगदी मोकळा. "ताय, रागांत ना मूं?" मी म्हटलं, नाही. खोटं होतं, आणि लगेच पुढे विचारलं, "22 ला आहेस ना?" कारण 22 ला शिरोड्याला कार्यक्रम आहे आणि दुसरा कीबोर्डवाला मला माहीत नाही.

"पळोवया, ताय."

मी वही उघडली. यावेळी खूण केली नाही. नुसतं नाव लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.

त्याच दिवशी दुपारी आणखी एक फोन केला. 22 ला काकाही नाहीत, त्यांच्या नातवाचं बारसं. कुणीतरी सावर्ड्याच्या एका तबला वाजवणाऱ्या मुलाचा नंबर दिला होता. त्याला आधी 15 तारीख विचारली, कारण तीही लोंबकळत होती. तो एकदम म्हणाला, "ना ताय. त्या दिसा म्हाका जमचें ना. हांवें दुसरेकडेन उतर दिलां."

दुसरीकडे शब्द दिलाय म्हणे. मी दोन क्षण गप्पच. ना. इतकं स्वच्छ. फोन कट झाला असेल असं समजून तो "हॅलो, हॅलो" करायला लागला. मी घाईघाईने म्हटलं, आहे आहे, बरं, मग 22?

"बाविसाक येतां," तो म्हणाला. "ताय, तुमची पट्टी खंयची?"

"काळी पाच," मी सांगितलं. पलीकडून हातोडीचा एक बारीक ठोका ऐकू आला, आणि मग "रावात हां", थांबा जरा, म्हणून त्याने फोन खाली ठेवला, तबल्यावर थाप मारून बघायला.